रिकाम्या पुडीचे माप

बेअरिंगच्या कारखान्यात मोजमापाची खोली ही एकच जागा अशी असते, की तिथे शिरताना मालकालाही बूट बाहेर काढावे लागतात. तिला दोन दारे असतात आणि पहिले मिटल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, असा नियम असतो. आत बाराही महिने वीस अंश तापमान. उन्हातून आलेला माणूस प्रथम "वा!" म्हणतो आणि थोड्या वेळाने सदऱ्याचे वरचे बटण लावू लागतो.

त्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे होती. मध्यभागी दगडी टेबल आणि टेबलावर एक लाकडी पेटी. पेटीत पोलादाचे लहानमोठे चौकोनी ठोकळे, आरशासारखे घासलेले. त्यांना स्लिप गेज म्हणतात. कारखान्यातले मोजण्याचे प्रत्येक साधन या गेजांशी ताडून पाहायचे. आणि हे गेज कशाशी ताडायचे? त्यासाठी दर काही वर्षांनी ही पेटी समुद्रापलीकडच्या एका देशात, तिथल्या मापनसंस्थेकडे जायची. तिथल्या आदर्श गेजांशी ताडून, प्रत्येकाचे खरे माप लिहिलेले सर्टिफिकेट घेऊन परत यायची. साऱ्या जगातून अशा पेट्या तिथे जात. तिथून आलेला आकडा म्हणजे शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही.

त्या देशाला आमच्या कारखान्यात सगळे 'अव्वल' म्हणत. पैशात अव्वल, सैन्यात अव्वल, आकाशात सोडलेल्या यंत्रांत अव्वल. माझा मेहुणा तेवढा तो शब्द नाक मुरडून उच्चारत असे. फोटोला चौकटी घालून देण्याचे त्याचे दुकान असल्यामुळे त्याला घरात सगळे चौकटराव म्हणतात, आणि तोही या नावाला ओ देतो.

पेटी पाठवायची होती त्या दिवशी चौकटराव कारखान्यात आला होता. संस्थापकांच्या फोटोला नवी चौकट घालून आणली होती, ती ऑफिसात टांगून झाल्यावर "भावोजींचा बर्फाचा महाल बघू तरी" म्हणत खोलीत शिरला. माझी लेकही मदतीला आलेली होती. उजेडाच्या लाटांनी लांबी मोजण्याच्या शास्त्रात तिने डॉक्टरेट मिळवली होती आणि अव्वलच्या त्याच मापनसंस्थेत नोकरीसाठी अर्ज केला होता. मेणकागदाचे तुकडे कापून, त्यांच्या पुड्या घडवून ती पेटीतल्या खाचांत आधीच रचून ठेवत होती. ती घडी आमच्या घरची म्हणावी अशी. टेक्निकल कॉलेजात आमचे वर्कशॉपचे मास्तर शिकवायचे, कोपरा तिरका दुमडून शेपूट आत खोचायची. मी ती लेकीला शाळेत असताना शिकवली होती. मी एकेका गेजला व्हॅसलिनचा पातळ हात लावून पुडीत सरकवत होतो.

"तुमचे अव्वल आता घसरले, भावोजी," चौकटराव म्हणाला. "त्यांचे फोन दुसरीकडे होतात, पूल हलायला लागलेत, जहाजं बांधायला माणसं मिळत नाहीत. पेपर वाचता की नुसतेच त्यात गेज गुंडाळता?"

"जहाजं कुणीही बांधेल," मी म्हणालो. "पण हे बघ. हा पंचवीस मिलिमीटरचा गेज. पंचवीस म्हणजे नक्की किती, हे कोण सांगतं? ते सांगतात. ज्याच्या मापानं जग मोजतं, तो पहिला. बाकी सगळं येतं आणि जातं."

"माझ्या धंद्यातला अनुभव सांगू? मोठ्यात मोठी चौकट लोक माणूस गेल्यावरच मागतात."

"मामा!" लेक हसत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पण बाबा, तुमचंही जुनं झालं. मीटर आता कुणाच्या पेटीत नसतो. उजेडाच्या वेगावरून ठरतो. चांगला दिवा, चांगले आरसे आणि धीर असेल तर कुणीही, कुठंही काढू शकतं."

"उजेड प्रबंधात शोभतो. कारखान्यात हातात धरायला पोलाद लागतं." हे माझे ठरलेले उत्तर होते.

पोलादाची करामत दाखवावी म्हणून मी रोजच्या वापरातले दोन गेज घेतले, पुसले, एकमेकांवर दाबून सरकवले आणि वरचा उचलला. खालचा त्याला चिकटून वर आला. ना गोंद, ना चुंबक. पृष्ठभाग इतके सपाट, की ते सुटायलाच तयार नसतात. चौकटराव खुळ्यासारखा बघत राहिला.

"आणि असेच राहू दिले तर?"

"तर कायमचे बसतात. म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो, गेज जोडलेले ठेवून घरी गेलास तर परत येऊ नकोस." मी ते सोडवून ठेवले आणि पंचवीसचा मास्टर गेज त्याच्यापुढे धरला. "यात मिशा बघ. बोट लावू नकोस, घामानं गंजतो. रुमालात धर."

त्याने रुमालात धरला. मिशा पाहिल्या. तेवढ्यात ग्राइंडिंग विभागातून फोन आला, एक मशीन बंद पडले होते. मी लेकीला "सगळे भरून झालेत, पेटी बंद करून सील कर" असे सांगून गेलो. परत आलो तेव्हा पेटी कुरिअरवाल्याच्या हाती गेली होती आणि चौकटराव त्याच्या दुकानात.

त्यानंतर काही महिन्यांनी लेकीला नेमणुकीचे पत्र आले. अव्वलच्या मापनसंस्थेत, लांबीच्या विभागात, मुख्य मापनतज्ज्ञ. मी कारखान्यात पेढे वाटले नाहीत, कारण माझ्या खोलीत खायचे पदार्थ चालत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाला पेन वाटले. बायकोला हे सगळे नको होते. "एकुलती एक पोर, तीही समुद्रापलीकडे," असे म्हणून ती भांडी जरा जोरात ठेवू लागली. मी तिला समजावत राहिलो: जगाची मोजपट्टी जिथे ठेवली आहे, त्या कपाटाची किल्ली आपल्या लेकीच्या हातात येणार आहे. याहून मोठे काय?

तिच्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात पेटी परत आली. मी मुद्दाम लेकीला बोलावून घेतले. पेटी तिच्याच हाताने उघडावी अशी माझी इच्छा होती.

वर सर्टिफिकेट होते, जाड कागदाचे, उठावदार शिक्क्याचे. खाली पुड्या. लेकीने पहिली उचलली आणि मी नकळत म्हणालो, "बघ, याला म्हणतात शिस्त. आपली घडी होती तशीच घालून पाठवली आहे."

तिने दुसरी उघडली. तिरका कोपरा, आत खोचलेली शेपूट. तिसरीही तशीच. तिचे हात मंदावले.

"बाबा, ही घडी त्यांना कशी येते?"

"शिकले असतील उघडताना."

"व्हॅसलिनही आपलंच आहे. तुमच्या बोटाचा फराटा दिसतोय."

पंचवीसची खाच आली. पुडी उचलताच तिच्या हातात ती चपटी झाली. तिने उघडली. आत काही नव्हते.

मी स्टुलावर टेकलो. अव्वलच्या मापनसंस्थेत गेज हरवतो? जिथे धुळीच्या कणाचीही नोंद होते असे आम्ही वर्गात शिकलो, तिथे बोटभर लांबीचा पोलादाचा तुकडा हरवतो? मी सर्टिफिकेटवर पंचवीसची ओळ शोधली. तिथे त्याचे माप होते, दशांशचिन्हापुढे लांबच लांब आकडे. म्हणजे तिथे पोचला, मोजला गेला आणि नंतर हरवला. तक्रार करावी लागणार होती. अव्वलकडे तक्रार! तसा मसुदा कसा लिहितात हेही मला सुचेना.

संध्याकाळी घरी मी हे सांगितले तेव्हा चौकटराव जेवायला आलेला होता. एरवी तो टाळी देऊन हसला असता. या वेळी त्याचा घास हातातच राहिला.

"हरवला म्हणजे... केवढा होता हो तो?"

"तू पाहिलास की. मिशा बघितल्यास त्यात."

"तो होय." त्याने घास ताटात ठेवला. "जरा दुकानात जाऊन येतो."

"अरे, जेवून तरी जा!" बायको म्हणाली. पण तो निघून गेला. परत आला तेव्हा त्याने खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर, माझ्या ताटाशेजारी, उलगडला.

आत पंचवीसचा गेज होता.

"रुमालात धरायला तुम्हीच सांगितलंत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही फोनवर धावलात, मी रुमाल खिशात घातला. घरी गेल्यावर सापडला. मला वाटलं, कामातून गेलेला तुकडा असेल. खरा असता तर तुम्ही माझ्या हातात कशाला दिला असता? चौकटीला गोंद लावला की कागदावर ठेवायला इतका बेस आहे, की..."

"तू हा गोंदावर ठेवत होतास?"

"रोज पुसायचो, भावोजी. आईशपथ."

गेजच्या आरशासारख्या तोंडावर तांबूस डाग होता. चष्म्यातून पाहिले तर त्यात रेषा दिसत होत्या, एकात एक गेलेल्या, गोलाकार. चौकटरावाच्या अंगठ्याचा ठसा गंजून पोलादात उतरला होता.

बायको कपाळाला हात लावून "काय रे हे तुझं!" म्हणाली. मी त्याच्यावर ओरडणार होतो. तोंड उघडलेही होते. पण लेक उठून माझ्या बॅगेतून सर्टिफिकेट घेऊन आली.

"बाबा, हा मामाच्या दुकानात होता ना?"

"तेच तर सांगतोय तो मूर्ख."

"सगळे महिने?"

"होय!"

"मग त्यांनी मोजलं काय?"

जो गेज या गावाच्या बाहेर गेलाच नव्हता, त्याचे माप अव्वलने दिले होते. रिकाम्या पुडीचे माप. शिक्क्यासकट.

मागच्या वेळचे सर्टिफिकेटही बॅगेत होते, ते लेकीने मागितले. दोन्ही शेजारी ठेवली. मागचा प्रत्येक आकडा थोडासा वाढवून नव्या कागदावर उतरवलेला होता. सगळ्यांत वाढ एकाच प्रमाणात. पोलाद वयाबरोबर किंचित वाढते, त्याचा ढोबळ हिशेब करून. मागच्या वेळी मात्र पुड्या खरोखर उघडल्या गेल्या होत्या. व्हॅसलिन वेगळे होते आणि घडी वेगळी होती, हे मला चांगले आठवत होते. म्हणजे ही गोष्ट अलीकडची होती.

"एकदा टाईप करताना चूक झाली असेल," मी म्हणालो.

"बाबा, एकही पुडी उघडलेली नाही."

"पण ते... ते अव्वल आहेत गं." हे वाक्य मी उच्चारले आणि माझ्याच कानांना ते एखाद्या लहान मुलाचे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या ऑफिसची वेळ संपण्याआधी, मी कारखान्याच्या फोनवरून संस्थेला फोन लावला. लेक समोर बसली होती. आवाज तिलाही ऐकू यावा म्हणून मी स्पीकर चालू ठेवला. लांबी विभागाचे प्रमुख स्वतः बोलले. आवाज सौम्य, बोलणे अदबीचे. मी गेजची हकिकत सांगितली. गंजलेल्या अंगठ्याचे तेवढे गाळले.

ते रागावले नाहीत. नाकारलेही नाही. याचाच मला अधिक धक्का बसला.

"आपली अडचण मी समजू शकतो," ते म्हणाले. "आमचे मापनतज्ज्ञ निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस नेमायला वरून मंजुरी मिळत नव्हती. ही कामं आता आमच्या तरुणांना नको असतात. एका खोलीत दिवसभर गप्प बसायचं, कोण करणार? म्हणून तात्पुरती व्यवस्था म्हणून मागच्या मापात नेहमीची वाढ धरून सर्टिफिकेटं देतो. पुड्या उघडत नाही. उगाच उघडल्या तर गंज धरायची भीती."

"सगळ्यांना? साऱ्या जगाला?"

"आजवर एकही तक्रार आलेली नाही." त्या स्वरात थोडा अभिमान होता. "आमच्या शिक्क्यावर लोकांचा विश्वास आहे."

"मग आमचे गेज खरोखर मोजणार कोण?"

"ती चिंता आता मिटलीच म्हणा. नव्या तज्ज्ञ पुढच्या आठवड्यात रुजू होत आहेत. अतिशय हुशार आहेत. परदेशातून बोलावून घेतलं. त्यांचं नाव मला नीट म्हणता येत नाही, थांबा हं..." आणि कागद चाळल्याचा आवाज आला, आणि मग त्या सौम्य आवाजाने अडखळत, जोडाक्षरावर ठेचकाळत, माझ्या लेकीचे नाव वाचले. शेवटी आमचे आडनावही.

लेक फोनकडे बघत होती. मग पुढे वाकून म्हणाली, "सर, ती मीच. मी इथंच बसले आहे."

पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अरे वा!" प्रमुख म्हणाले. "मग तर उत्तमच झालं. येताना पेटी घेऊनच या."

त्या दिवशी घरी मी स्पष्ट सांगितले. "तू जाणार नाहीस."

बायको पोळ्या लाटत होती, ती लाटणे थांबवून म्हणाली, "बघा हं. मी नको म्हणत होते तेव्हा मला काही कळत नव्हतं. आता तुम्हीच म्हणताय."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तिथं पहिल्याच दिवशी हिच्यापुढे सर्टिफिकेटांचा गठ्ठा ठेवतील आणि म्हणतील, सही कर. नाही म्हणाली तर परत पाठवतील. मापनाच्या धंद्यात जिला त्या संस्थेनं परत पाठवलं, तिला दुसरीकडे कोण उभं करेल? आणि हो म्हणाली..."

"हो म्हणाले तर काय, बाबा?"

"तर मी त्या पेटीला पुन्हा हात लावणार नाही."

चौकटराव कोपऱ्यात बसला होता. गेज आणून दिल्यापासून त्याने एकही थट्टा केली नव्हती. "भावोजी," तो म्हणाला, "मी इतके दिवस म्हणत होतो की ते घसरले. मला वाटलं होतं तुम्ही मला खोटं पाडाल. तुम्ही नेहमी पाडता." आणि तो खरोखरच दुखावल्यासारखा दिसला.

लेक म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, ज्याच्या मापानं जग मोजतं तो पहिला? मग ते मोजायचं बंद झालंय हे ठाऊक असून मोजता येणारी मी एकटी आहे, आणि त्या खोलीचं दार माझ्यासाठी उघडं आहे. मी जाणार नाही तर कोण जाणार? मामा?"

"मला नको पाठवू गं," चौकटराव म्हणाला. "मी त्यांचाही एखादा खिशात घालून आणीन."

बायको हसली. मी हसलो नाही. निघताना लेकीने पेटी हातातल्या सामानात घेतली. पंचवीसचा गंजलेला गेज मी नको म्हणत असतानाही, त्याच्या खाचेत न ठेवता, तिने चौकटरावाच्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

ती पोचल्याचा निरोप आला. मग कामावर रुजू झाल्याचा. मग काही दिवस नुसतेच "बरी आहे". मी कारखान्यात जात होतो, दोन दारे नियमाने मिटत होतो, पण कुणी "सर, हे बरोबर आहे ना?" असे विचारत मायक्रोमीटर पुढे केला की मी तो नुसता हातात फिरवत राही. बरोबर म्हणजे कशाच्या मानाने?

मग एका सकाळी आम्ही चहा घेत असताना तिचा फोन आला. चौकटराव त्या दिवशी तिथेच होता.

"बाबा, मी त्यांच्या आदर्श गेजांच्या खोलीत आहे. आज किल्ली मिळाली. कोणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं."

"बरं. काय दिसतंय?"

"बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून पेट्या रचल्यात. छतापर्यंत. वेगवेगळ्या देशांच्या. सगळ्यांची सील शाबूत. आणि इथं आत मधल्या टेबलावर काचेखाली त्यांचे आदर्श गेज आहेत. ज्यांच्याशी ताडायचं, ते. पन्नासचा, शंभरचा, सगळे... बाबा, ते जोडलेले आहेत."

"म्हणजे?"

"एकमेकांवर. जुन्या तज्ज्ञांनी शेवटच्या दिवशी मोजायला जोडले असतील. तेव्हापासून कुणी आत आलंच नाही. मी सगळं करून पाहिलं. सुटत नाहीत."

साऱ्या जगाची लांबी ज्यांवर टेकलेली होती, ते गेज एका चुकीने, कुणीच न शिरलेल्या खोलीत, कायमचे चिकटून बसले होते. आमच्या कारखान्यात नव्या पोराला मी ज्या चुकीसाठी घरी पाठवले असते, ती. आणि त्यांच्यावर आतापर्यंत किती विमानांचे सांधे, किती यंत्रे, किती शस्त्रक्रियांची साधने उभी होती, याचा विचार मी करू लागलो आणि करू शकलो नाही.

"बाबा? ऐकताय ना? आपली पेटी माझ्यापुढे उघडी आहे. आता मी कशाशी ताडू?"

मी आयुष्यभर या प्रश्नाचे एकच उत्तर दिले होते, आणि ते उत्तर त्या टेबलावर काचेखाली मरून पडले होते. बायको माझ्याकडे पाहत होती. चौकटरावाने बिस्किट चहात बुडवले होते, ते तुटून आत पडले तरी त्याचे लक्ष नव्हते.

"दिवा आहे तिथं?" मी विचारले. "तुझा तो, लाटांचा?"

"आहे. बंद आहे, पण आहे. आरसेही आहेत. पुसावे लागतील."

"मग उजेडाशी ताड."

ती हळूच म्हणाली, "बरं, बाबा."

"आणि प्रमुख?"

"त्यांना आत्ताच दाखवलं. मामाचा गेजही दाखवला. ठसा कुणाचा म्हणून विचारलं, मी म्हटलं माझ्या मामाचा. ते स्टुलावर बसले, बाबा. बराच वेळ जोडलेल्या गेजांकडे बघत बसले. मग म्हणाले, हे जाहीर केलं तर सगळे दुसरीकडे जातील, आपण पहिले राहणार नाही. मी म्हटलं, सर, उजेड त्यांच्याकडेही आहे. आज ना उद्या कुणीतरी ताडून बघेलच. ते म्हणाले, वर विचारतो."

"म्हणजे अजून काही..."

"मी एक सूचना लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली आहे. फोटो पाठवते."

फोटो आला. मोठे, स्वच्छ टेबल. मागे त्या देशाचा झेंडा. टेबलावर एक कागद, लेकीच्या अक्षरातला: 'या विभागातून पुढील सूचनेपर्यंत मापे दिली जाणार नाहीत. मागील तज्ज्ञांच्या निवृत्तीनंतर दिलेली सर्व मापे रद्द समजावीत.' कागद उडू नये म्हणून त्यावर पंचवीसचा गेज ठेवलेला होता, अंगठ्याचा ठसा वरच्या बाजूला.

"माझ्यासारखाच वापरला की," चौकटराव पुटपुटला. मग फोन आपल्याकडे घेऊन त्याने तो डोळ्यांजवळ धरला. "भावोजी, सह्यांना जागा दोन आहेत. सही एकच आहे."

सही माझ्या लेकीची होती. शेजारची, प्रमुखांच्या सहीची जागा कोरी होती.

"आता सांगा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखरच विचारत होता. "राहतील का ते अव्वल?"

"त्या कोऱ्या जागेवर सही झाली तर."

"आणि नाही झाली तर?"

बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला आणि दोन बोटांनी ती कोरी जागा मोठी केली, जणू नीट पाहिले तर तिथे काही सापडेल. "मग आपली पोर परत येईल," ती म्हणाली. ज्या वाक्यासाठी ती इतके दिवस झुरत होती, ते तिच्या तोंडून आले आणि तिलाच त्याची भीती वाटली. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि लगेच पुन्हा सुलटा केला.

मी कामावर गेलो. बूट काढले, पहिले दार मिटले, दुसरे उघडले. हाताला काही काम हवे होते, म्हणून मेणकागदाचा एक तुकडा कापला. पंचवीसचा गेज केव्हाही परत आला, तरी त्याला पुडी लागणार होती. कागद दुमडला. पुन्हा उलगडला, पुन्हा दुमडला. कोपरा तिरका घ्यायचा हे ठाऊक होते, शेपूट आत खोचायची हेही ठाऊक होते. पण बोटांना ती घडी सापडेना.